जुन्या रेकॉर्डचा आवाज बाजूच्या शेवटी फाटतो. हेडशेलवर रुपया ठेवू की नवी प्रत घेऊ?

तुम्ही लिहिलंय की स्टीली डॅन या अमेरिकन रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची, ‘कान्ट बाय अ थ्रिल’ची, जुनी अमेरिकन प्रत जुन्या बाजारात मिळाली, बाजू संपत आली की आवाज फाटतो, आणि मित्र सांगतोय हेडशेलवर, म्हणजे टोनआर्मच्या (मशीनच्या हाताच्या) टोकाला जिथे कार्ट्रिज बसतं तिथे, रुपयाचं नाणं ठेव. किंवा मग 2022 ची नवी प्रत घ्यायची का, असं विचारलंय.

नाणं ठेवू नका. हा सल्ला पुण्यात मी इतक्या वेळा ऐकलाय आणि त्याने बिघडलेल्या इतक्या रेकॉर्ड्स पाहिल्यात, की आधी हेच लिहितो. रुपयाचं नाणं तीन ग्रॅमच्या वर भरतं. उदाहरणार्थ, ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम 95 ई कार्ट्रिजला (सुई धरणाऱ्या खोक्याला) भार लागतो 2 ग्रॅम, जास्तीत जास्त 2.2. त्यावर नाणं आलं की झाले पाच. सुईची दांडी दबते, कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकायला येतं आणि खाचेच्या भिंती घासल्या जातात. सुई उडायची थांबते, म्हणून लोकांना वाटतं दुरुस्ती झाली.

याच अल्बमची अशी नाण्याखाली वाजलेली प्रत माझ्याकडे सफाईला आली होती. एबीसी या रेकॉर्ड कंपनीचं काळं लेबल, क्रमांक एबीसीएक्स-758, म्हणजे 1972 च्या सुमाराची. (एमसीएचं लेबल असेल तर प्रत 1979 नंतरची, कारण त्या वर्षी एमसीएने एबीसी विकत घेतली.) ट्यूबलाइटखाली तबकडी छान काळी दिसत होती. एकाच बल्बखाली तिरकी धरली तेव्हा लेबलाजवळच्या इंचभर पट्ट्यात लकाकी गेलेली, राखाडी झाक. पहिल्या बाजूवर पावसाळ्यातल्या बुरशीचे पांढरे ठिपके. धुतल्यावर ठिपके गेले, ‘डू इट अगेन’मधली डेनी डायसची इलेक्ट्रिक सतार स्वच्छ वाजली, ‘डर्टी वर्क’मधला सॅक्सोफोन आणि फ्लूगलहॉर्न भरदार आले. पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं ‘टर्न दॅट हार्टबीट ओव्हर अगेन’ फाटलेलंच राहिलं. त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलाइन सुई बसवली तेव्हा बरंच सुधारलं, कारण ती बारीक सुई भिंतीच्या कमी घासलेल्या भागाला टेकते. पूर्ण मात्र सुधारलं नाही. राखाडी पट्टा धुऊन जात नाही.

तुमच्या प्रतीत राखाडी पट्टा आहे का, ते आधी बघा. नसेल तर दोष बहुधा तुमच्या मशीनच्या मांडणीत आहे. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत दाटलेलं असतं, त्यामुळे सुई जराशी तिरकी असली तरी तिथेच पकडली जाते. ‘रीलिन इन द इयर्स’ दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आहे. ते स्वच्छ आणि शेवटचं फाटलेलं, तर कोन चुकलाय. दोन्ही सारखीच फाटत असतील तर सुई झिजलीय किंवा तिच्या टोकाला मळाचा गोळा धरलाय. सगळीकडे नुसते टकटक आवाज, तर ती घाण.

कोन असा लावा. बेअरवाल्ड प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन तपासायचा, रेघा आखलेला नकाशा) कागदावर छापा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. प्रिंटर ‘फिट टू पेज’ करून आकार बदलतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कार्ट्रिजचे स्क्रू सैल करून ते असं सरकवा, की तबकडीच्या मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवरच्या दोन्ही बिंदूंवर सुईची दांडी रेघांना समांतर बसेल. कार्ट्रिजच्या खोक्याकडे बघून लावू नका, दांडी बघा. मग भार डिजिटल काट्यावर मोजा. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुण्यातल्या तपकीर गल्लीत विचारा. टोनआर्मवरच्या चकतीच्या आकड्यांवर विसंबू नका. अँटीस्केट (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) भाराइतकंच ठेवून सुरुवात करा, आणि फक्त उजव्या स्पीकरचा आवाज फाटत असेल तर थोडं वाढवा.

धुण्यासाठी 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन थेंब. नळाचं पाणी नको, बोअरचं तर अजिबात नको. वाळल्यावर क्षार खाचेत राहतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. बुरशीवर द्रावण मिनिटभर राहू द्या, पण वाळू देऊ नका. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा, नाहीतर साबणाचा थर सुईवर येतो. उभी ठेवून वाळवा आणि जुन्या आतल्या पाकिटात परत घालू नका, बुरशी तिथेच असते.

आता नवी प्रत. 2022 ला दोन आल्या: गेफन कंपनीची 33 च्या वेगाची (मिनिटाला 33 फेऱ्या) एक तबकडी, आणि अॅनालॉग प्रॉडक्शन्सची 45 च्या वेगाच्या दोन तबकड्यांची महाग प्रत. 45 वाल्या प्रतीत आतल्या कडेची अडचण खरोखरच कमी होते. पण ‘ओरिजिनल ते ओरिजिनल’ आणि ‘नवीच घ्या’ असं भांडणारे दोघंही प्रोट्रॅक्टर कधी हातात घेत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. चुकलेल्या कोनावर नवी प्रतही फाटणार. आधी मांडणी, मग खरेदी.

दोन गोष्टी राहिल्या. 3 ग्रॅमच्या आसपासच्या भारासाठीच बनवलेली कार्ट्रिजं असतात, उदाहरणार्थ एटी 3600 एल. तुमचं तसं असेल तर कंपनीने दिलेला भार काट्यावर मोजून लावा, नाण्याने नाही. आणि घरात आजोबांच्या 78 च्या वेगाच्या लाखेच्या तबकड्या असतील तर वरचं द्रावण त्यांना लावू नका. अल्कोहोलने लाख विरघळते. त्यांना नुसतं डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही लेबल कोरडं ठेवून.