कमी ऑक्सिजनमध्ये किडनी कॅन्सरच्या पेशी औषधाला दाद का देत नाहीत?

1 टक्का ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या किडनी कॅन्सरच्या पेशींवर तेच औषध कमी का चालतं, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं पेशी वाढवण्याचंच काम केलं, म्हणून आधी उलटा प्रश्न: पेशी कुठल्या?

या कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल. त्यात बहुतेकदा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेलं असतं. एरवी ऑक्सिजन पुरेसा असला की व्हीएचएलमुळे हिफ नावाच्या, पेशीला कमी ऑक्सिजनशी जुळवून घ्यायला लावणाऱ्या प्रथिनांची लगेच विल्हेवाट लागते. व्हीएचएल गेलं की हिफ साचतं, आणि भरपूर ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या 786-ओ या पेशी अशाच. शिवाय हिफच्या प्रकारांपैकी त्यांच्यात हिफ-1 अल्फा नाहीच, फक्त हिफ-2 अल्फा आहे. काकी-1 या दुसऱ्या जातीच्या पेशींमध्ये व्हीएचएल शाबूत आहे. त्यामुळे एकीतला निष्कर्ष दुसरीला सरसकट लावू नका.

आता औषध का चालत नाही. गुदमरलेली पेशी ग्लुकोजवर भागवते आणि आम्ल बाहेर टाकते. डॉक्सोरुबिसिनसारखं आम्लारिधर्मी केमोथेरपीचं औषध त्या आम्लात विद्युतभारित होतं आणि पेशीच्या पटलातून आत शिरायला अडखळतं. जे शिरतं त्यातलं बरंचसं पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप बाहेर फेकतो, आणि या पंपाचं उत्पादन हिफ-1 वाढवू शकतं. मुळात हा कॅन्सर ज्या नलिकांच्या पेशींतून उगवतो, त्यांचं कामच नको ते बाहेर टाकण्याचं! जुनी केमोथेरपी इथे फारशी चालली नाही, त्याचं हे एक मोठं कारण. त्यातच ऑक्सिजन कमी झाला की विभाजन मंदावतं, आणि विभाजनावर घाव घालणाऱ्या औषधांचा नेम चुकतो.

सुनिटिनिब या औषधाची गोष्ट वेगळी. ते मुख्यतः गाठीच्या रक्तवाहिन्या रोखतं. त्यामुळे गाठीतला ऑक्सिजन आणखी घटू शकतो आणि गुदमरण्याला सरावलेल्या पेशी मागे उरतात. पेशी वाढवायच्या ताटलीत रक्तवाहिन्याच नसल्याने हे तिथे दिसणार नाही. 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बेलझुटिफान थेट हिफ-2 अल्फाला धरतं, पण औषध जिथे बसतं तिथेच बदल झाला की त्या जातीच्या औषधांचीही पकड सुटते.

आणि काकी-1 वापरत असाल तर ताटली कमी ऑक्सिजनच्या चेंबरबाहेर काढून निवांत काम करू नका. हवेत हिफ-1 अल्फा काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. माझे सुरुवातीचे सगळे ब्लॉट (प्रथिन आहे का ते दाखवणारी चाचणी) कोरे आले होते ते याचमुळे.