पडू नये म्हणून आईची कामं बंद करायची का?

तुम्ही विचारलंय, आई ७२ वर्षांची आहे, डिचोलीला एकटी असते, वर्षभरात दोनदा पडली, तर तिला घरातली कामं बंद करायला कसं सांगू?

माझं वय ६९. फोंड्याजवळच्या एका गावात चिऱ्यांच्या जुन्या घरात राहते आणि एकदा मनगट मोडून घेतलंय. कामं बंद करू नका. माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मुलाने काळजीपोटी मला दीड महिना खुर्चीतून हलू दिलं नाही. हाड जुळलं, पण पाय असे लटपटायला लागले की न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायची.

मी पडले ती पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंप्यामुळे. सकाळी भोंपू वाजला आणि पाव घ्यायला धावले. जुलै महिना, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ, पायात तळ झिजलेल्या रबरी चपला, गाऊन घोट्याच्या खाली लोळणारा. एकेक गोष्ट सुटी असती तर निभावलं असतं. आता फाटकाला पिशवी अडकवलेली असते, पोदेर त्यात पाव टाकून जातो, मी चहा पिऊन सावकाश आणते. फोन, बेल, कुकरची शिटी, कशासाठीही धावायचं नाही. अंगण पावसाळाभर ब्रशने घासून घेते, चपला मागे पट्टा असलेल्या घेतल्या, गाऊन वर दुमडून शिवले.

बाकी सगळा प्रश्न उंचीचा. फार खाली वाकताना आणि चवड्यांवर उभं राहून वरचं काढताना तोल जातो. म्हणून रोजची भांडी, डबे कंबर ते खांदा एवढ्या पट्ट्यात आणले. आदोळीवर, म्हणजे विळीवर, जमिनीवर बसून नारळ खवायची सवय होती, आता टेबलाला आवळून बसवायची खवणी आहे. (खोबरं तितकं बारीक पडत नाही, पण चालतं.) न्हाणीतला पाट काढून रबरी बूच असलेली खुर्ची ठेवली, बादली अर्धीच भरते, भिंतीत पक्का दांडा बसवून घेतला. टॉवेलच्या दांड्याला धरू नका म्हणावं, तो वजन घेत नाही, हातात येतो. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला स्टुलावर मीच चढायची. आता भाचा चढतो, मी खाली खुर्चीत बसून कुठलं फळ कुठे ते सांगते. तो वैतागतो.

रात्रीचं वेगळं. झोपेतून उठून एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. न्हाणीच्या वाटेवर छोटा दिवा, आणि पावसात वीज जातेच म्हणून उशीशी टॉर्च. आमच्या जुन्या घरांतले उंबरठे उंच, त्यांवर मी पांढऱ्या रंगाची पट्टी मारली. दोन नंबरांचा चष्मा असेल तर पायऱ्या उतरताना खालच्या भागातून पाहिलं की पायरी धूसर दिसते. हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून बघायला सांगा.

चहा उकळेपर्यंत मी ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाच-चवडा लावून उभी राहते. मग खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. सुरुवातीला चारच जमत होते.

पण या सगळ्याच्या आधी आईला त्या दोन्ही वेळांबद्दल नीट विचारा: कुठे पडलीस, किती वाजता, हातात काय होतं, पाय अडकला की गरगरलं? गरगरलं म्हणाली तर खुर्च्या आणि दांडे नंतर, आधी डॉक्टर. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, रक्तदाबाच्या आणि झोपेच्यासुद्धा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

आणि एकटी राहते म्हणून फोन अंगावरच हवा, टेबलावर नको. पडलं तर आधी पडल्या जागीच थांबून कुठे दुखतंय ते बघायचं, कंबर किंवा मांडी हलवता येत नसेल तर उठायची धडपड न करता १०८ला फोन लावायचा. मी माझ्या सगळ्या गाऊनना शिंप्याकडून खिसा लावून घेतलाय.