दहा वर्षं भरली नाहीत, मग पेन्शन गेलं का?

"सर, नोकरीला आठच वर्षं झाली. कारखान्यातले क्लार्क म्हणतात, दहा वर्षांशिवाय पेन्शन बसत नाही. राजीनामा द्या, फंड काढून मोकळे व्हा. देऊ का?"

विचारणारी बाई घरी विड्या वळते. तिचा नवरा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात लूम चालवायचा. वय ४६. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. राजीनामा टाइप करून आलेला, सहीच्या जागी डाव्या अंगठ्यासाठी चौकोन आखलेला.

तो कागद आधी पिशवीत परत ठेवायचा.

दहा वर्षांची अट आहे ती वयोमानाच्या पेन्शनला. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत, नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेणाऱ्याला ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्यांदा ४ टक्क्यांची कात्री लागते. इथे तीही नाही. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी १४,००० धरली, तर गुणिले ८, भागिले ७०, म्हणजे महिना १,६०० रुपये. हिशेब कितीही कमी आला तरी किमान १,०००. रक्कम लहानच, पण तहहयात. त्यांच्या मागे पत्नीला किमान १,०००, शिवाय दोन मुलांना पंचविशीपर्यंत वेगळं. उलट आठ वर्षांच्या नोकरीवर फॉर्म १०-सी भरला की पेन्शनचा वाटा एकरकमी हातात येतो आणि पुढचं सगळं दार बंद. घाईत नेमका तोच फॉर्म भरला जातो.

सगळी मेख 'नोकरीत असताना' या शब्दांत आहे. आधी राजीनामा आणि मग कायमच्या अपंगत्वाचा दाखला, असा क्रम लागला की भांडत बसावं लागतं.

मग तोवर घर कशावर चालवायचं? ईएसआयवर, म्हणजे कामगार विमा योजनेवर. पहिले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के. अर्धांगवायू दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने, दोन वर्षं सलग नोकरी आणि वर्गणीचे दिवस भरत असतील, तर पुढे ८० टक्के. हा वेळ वाया जात नाही. झटक्यानंतरची सुधारणा बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच दिसते. दुसऱ्याच महिन्यात पेन्शनसाठीच्या वैद्यकीय तपासणीला गेलं तर डॉक्टर 'तात्पुरतं' लिहितात आणि अर्ज तिथेच अडतो.

तपासणीत प्रश्न असतो तो असा: आजारी पडताना जे काम करत होता, त्या कामाला हा माणूस कायमचा असमर्थ आहे का? अपंगत्वाच्या टक्केवारीचं कार्ड याचं उत्तर देत नाही. म्हणून कारखान्याकडून कामाचं वर्णन लेखी घ्यावं. आठ तास उभं राहणं, धोट्यातली कांडी बदलणं, ताण्याचा धागा तुटला की दोन्ही हातांनी गाठ मारणं. या माणसाला सुताचं टोक दिलं, तर डाव्या हाताने धरून उजव्या बोटांकडे नुसता बघत राहतो. फाइलीत फक्त 'पक्षाघात' लिहिलं असेल तर हे कुणाला दिसत नाही. दाखल्यावरची अपंगत्वाची तारीखही नीट बघावी, पेन्शन तिच्या दुसऱ्या दिवसापासून लागतं.

दाखला हातात आला की पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०-डी, मालकामार्फत. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण कारखाना भरतो. तिथे 'कायमचं अपंगत्व' हवं. सवयीने साधं 'नोकरी सोडली' टाकलं की पीएफ ऑफिसला अपंगत्वाचा मागमूस लागत नाही. फंडाच्या रकमेसाठी फॉर्म १९ वेगळा, आणि नोकरी या कारणाने सुटली तर त्यासाठी थांबावं लागत नाही. ग्रॅच्युइटी विसरू नये: शेवटचा पगार १५,६०० असेल, तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८, म्हणजे ७२,०००.

राहिला नावाचा घोळ. सोलापुरात तेलुगू आडनावं आधारवर एक आणि फंडात दुसरी, हे नेहमीचंच. एका अक्षरासाठी अर्ज परत येतो. संयुक्त घोषणापत्र, म्हणजे दुरुस्तीसाठीचा पीएफचा अर्ज भरून दुरुस्ती होते, पण त्यालाही अनेकदा मालकाची मंजुरी लागते. ते काम रजा चालू असतानाच, याच आठवड्यात सुरू करायचं.