बायबलमधील ‘सत्ता चालवा’ या आज्ञेने माणसाला निसर्ग ओरबाडण्याची मुभा दिली आहे का?

माझ्या मते नाही, कारण बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील (1:28) पृथ्वीवर व जीवसृष्टीवर सत्ता चालवण्याची ही आज्ञा दुसऱ्या अध्यायापासून तोडून वाचता येत नाही. तिथे (2:15) देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची मशागत व राखण करण्यासाठी. ‘राखण’ यासाठी मूळ हिब्रूत असलेले ‘शामर’ हे क्रियापद बायबलच्याच ‘गणना’ या पुस्तकातील (6:24) आशीर्वादातही येते, जिथे परमेश्वराने माणसाचे रक्षण करावे अशी प्रार्थना आहे. म्हणजे देवाने आपल्याला जसे जपावे असे आपण मागतो, तसेच आपण भूमीला जपायचे आहे. मला हा दुवा फार महत्त्वाचा वाटतो. बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकाचे 25वे प्रकरण तर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगते आणि ‘भूमी माझी आहे’ असे देवाच्या मुखातून स्पष्ट करते, त्यामुळे माणूस मालक न ठरता उपरा ठरतो.

अर्थात, ख्रिस्ती समाजांनी हे नेहमी पाळले नाही, आणि 1967 साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी पर्यावरणीय संकटासाठी पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराला जबाबदार धरले, ते निराधार नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निरंकुश सत्तेचा अर्थ ठामपणे नाकारला. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले, तेही याच श्रद्धेच्या बळावर.