वाचकांचे प्रश्न : नवा प्रोसेसर, जुनं सॉफ्टवेअर

या महिन्यात आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. मशीन आर्म प्रोसेसरचं (इंटेलहून वेगळ्या सूचनांवर चालणारं) घेतलं किंवा घ्यायचंय, पण रोजचं सॉफ्टवेअर अजून इंटेलसाठीच बनवलेलं आहे. मग थांबायचं की घेऊन टाकायचं?

प्रश्न : नारायण पेठेत आमचं डीटीपीचं काम चालतं. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, डोंगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालणारं. स्नॅपड्रॅगनचा, म्हणजे आर्म प्रोसेसरचा, विंडोज ११ लॅपटॉप घ्यावा म्हणतो. दुकानदार सांगतात, सगळं चालतं. खरं आहे का?

उत्तर : बरंचसं चालतं, पण तुमचं काम नेमकं न चालणाऱ्या भागावर अडण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज ११ मधला 'प्रिझम' हा एम्युलेटर इंटेलसाठी लिहिलेल्या सूचना चालता चालता आर्मच्या सूचनांत बदलतो. ३२-बिट आणि ६४-बिट, दोन्ही प्रकारचे साधे प्रोग्रॅम त्यावर चालू शकतात. १६-बिट मात्र नाही. म्हणून कधी कधी प्रोग्रॅम ३२-बिट असूनही त्याचा इन्स्टॉलर १६-बिट निघतो आणि गाडी पहिल्याच पायरीवर थांबते.

मोठी अडचण ड्रायव्हरची. जोडलेलं उपकरण चालवणारा हा छोटा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो आणि तिथे एम्युलेटर पोहोचत नाही. डोंगलचा ड्रायव्हर आर्म६४ (६४-बिट आर्म) साठी वेगळा बनवलेला नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतं आणि सॉफ्टवेअर 'लायसन्स सापडलं नाही' म्हणून बंद होतं. काही नवी डोंगलं विंडोजच्या अंगभूत ड्रायव्हरवर चालतात, त्यांना ही अडचण येत नाही. तुमचं कोणत्या जातीचं आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. प्रिंटरचंही तसंच. नेटवर्कवर आयपीपी ही छपाईची सर्वमान्य भाषा बोलणारा प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर छापतो. जुन्या यूएसबी प्रिंटरला मात्र कंपनीचा आर्म६४ ड्रायव्हर लागतो.

दुसरी अडचण मराठी माणसालाच जाणवणारी. कीबोर्डवरची अक्षरं मध्येच पकडून मराठीत बदलणारे प्रोग्रॅम, म्हणजे इनपुट मेथड, आर्मसाठीच बनवलेले असावे लागतात. विंडोजमधला मराठीचा इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड नेटिव्ह, म्हणजे आर्मसाठीच बनवलेला आहे, तो चालेल. फॉन्टची फाइल कुठल्याही प्रोसेसरवर तीच असते. अडतं ते जुन्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं टायपिंग इंजिन.

तेव्हा दुकानातच, पैसे देण्याआधी, आपला डोंगल आणि एक खरं काम पेनड्राइव्हवर घेऊन जा. इन्स्टॉल करा, एक परिच्छेद टाइप करा, पीडीएफ काढा, छापून बघा. अर्धा तास लागेल. यातलं एकही अडलं तर इंटेल किंवा एएमडीचं मशीन घ्या.

आणि वाट पाहायचीच असेल तर हात बांधून बसू नका, मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीत आणायला लागा. जुन्या फॉन्टमध्ये 'किल्ला' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये 'क'नंतर. 'अर्थ'मधला रफार जुन्या पद्धतीत 'थ'नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर इथे चुकतात. सगळ्यात जास्त दगा 'र्य' आणि 'ऱ्य' देतात. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर दरीऐवजी समुद्र येतो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो. रूपांतरानंतर 'र्य' आणि 'ऱ्य' असलेले शब्द शोधून डोळ्यांनी वाचा. चालू दिवाळी अंक संपेपर्यंत जुनं इंटेल मशीन विकू नका.

प्रश्न : माझं सॉफ्टवेअर नेटिव्ह चालतंय की एम्युलेटरवर, हे कसं ओळखायचं? (वाचक, हडपसर)

उत्तर : विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स'मध्ये जा, कॉलमच्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'आर्किटेक्चर' निवडा. 'आर्म६४' दिसलं तर नेटिव्ह. 'एक्स६४' किंवा 'एक्स८६' दिसलं तर एम्युलेटरवर. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'काइंड' कॉलम बघा : 'अ‍ॅपल' किंवा 'इंटेल'.

प्रश्न : कोथरूडला घरी छोटा रेकॉर्डिंग सेटअप आहे, एम१ मॅक (आर्म चिपचा). रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आता नेटिव्ह झालं, पण अपडेट केल्यावर निम्मी प्लगइन्स यादीतून गायब. परत मागे जाऊ का?

उत्तर : सॉफ्टवेअर मागे नेऊ नका. प्लगइन हा स्वतंत्र प्रोग्रॅम नसतो, तो मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटात, त्याच प्रोसेसमध्ये लोड होतो. एका प्रोसेसमध्ये आर्म आणि इंटेलच्या सूचना मॅकवर एकत्र नांदत नाहीत. मुख्य सॉफ्टवेअर नेटिव्ह झालं की फक्त इंटेलची प्लगइन्स बाहेर राहतात. ऑडिओ युनिट प्रकारच्या प्लगइन्ससाठी लॉजिक प्रो हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वेगळी प्रोसेस उघडून वाट काढतं. व्हीएसटी या दुसऱ्या प्रकारच्या प्लगइन्सना ती सोय सहसा मिळत नाही.

जुना प्रोजेक्ट उघडायचा असेल तेव्हा अ‍ॅप्लिकेशन्समध्ये त्या सॉफ्टवेअरवर 'गेट इन्फो' करा, 'ओपन युजिंग रोझेटा'वर खूण करा (रोझेटा म्हणजे मॅकवरची प्रिझमसारखी सोय), सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. प्लगइन्स परत दिसतील. मग ज्या ट्रॅकवर इंटेलची प्लगइन्स आहेत, ते प्रत्येक ट्रॅक वेगळे वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा : एक प्लगइनसह, एक कोरा. सगळ्या फाइल्स शून्यापासून सुरू करा, म्हणजे पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या आपोआप जुळतील. शेवटी खूण काढून नेटिव्हवर परत या.

हे काम पुढे ढकलू नका. अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलंय की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण मिळेल, त्यानंतर तिचा काही जुन्या गेम्सपुरताच भाग उरेल. पहिली रोझेटा २००६ साली पॉवरपीसी या जुन्या प्रोसेसरहून इंटेलवर जाताना आली होती आणि २०११ च्या लायन या मॅकओएस आवृत्तीत ती काढून टाकली. त्या वेळी प्रोजेक्ट बाहेर न काढलेल्यांचं काम बंद फाइलीत अडकलं.

प्रश्न : मुलगी सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑटोकॅड मॅकवर नेटिव्ह आहे म्हणे. मॅक घेऊ का? (पालक, चिंचवड)

उत्तर : मॅकसाठीचं ऑटोकॅड २०२४ च्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ साली, अ‍ॅपलच्या चिपवर नेटिव्ह झालं, हे खरं. पण चार वर्षांत नुसतं ऑटोकॅड पुरणार नाही, आणि स्ट्रक्चरल डिझाइनची बरीच सॉफ्टवेअर्स फक्त विंडोजची आहेत. नव्या मॅकवर पॅरलल्समध्ये (मॅकवर विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतं ते आर्मचं विंडोज, त्यामुळे वरच्या सगळ्या अडचणी तिथेही येतात. इंटेल किंवा एएमडीचा विंडोज लॅपटॉप घ्या, १६ जीबी रॅमसह.

प्रश्न : कंपन्यांना नेटिव्ह आवृत्तीला इतकी वर्षं का लागतात? कोड तोच, नुसता पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे नव्या प्रोसेसरच्या सूचनांत बदलायचा ना? (विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : साध्या प्रोग्रॅमचं तसंच होतं. एम१ मॅक नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि फोटोशॉप मार्च २०२१ मध्ये नेटिव्ह झालं. जिथे वेग वाढवण्यासाठी इंटेलच्या एसएसई-एव्हीएक्स सूचना हाताने लिहिल्या आहेत, तिथे त्या एकेक करून आर्मच्या निऑन सूचनांत लिहाव्या लागतात. बाहेरून विकत घेतलेल्या लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडचा, सोर्स हाताशी नसेल तर तिच्या मालकाची वाट पाहावी लागते.

खरा वेळ जातो तो मेमरीतल्या नोंदींच्या क्रमात. समजा, एक थ्रेड (प्रोग्रॅममधला, इतरांसोबत एकाच वेळी चालणारा कामाचा धागा) आधी आकडा लिहितो आणि मग 'तयार' अशी खूण करतो. दुसरा थ्रेड खूण बघून आकडा उचलतो. इंटेलवर या दोन नोंदी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरला (सूचना चालवणाऱ्या दुसऱ्या भागाला) त्याच क्रमाने दिसतात. आर्मवर खूण आधी दिसू शकते, मग जुनाच आकडा उचलला जातो. कोडमध्ये क्रम पक्का करणारं कुलूप किंवा अ‍ॅटॉमिक वापरायला हवं होतं, पण इंटेलवर त्याशिवायही निभावून गेलं. ही चूक हजार वेळा चालवल्यावर एकदा दिसते, म्हणून शोधायला महिने जातात. अ‍ॅपलने यासाठी चिपमध्येच इंटेलचा क्रम पाळण्याची सोय ठेवली आणि रोझेटा ती वापरते. विंडोजवर एखादा जुना प्रोग्रॅम मधूनच कोसळत असेल तर त्याच्या एक्झी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी'त जा, एम्युलेशनच्या सेटिंगमध्ये मल्टी-कोअर 'फास्ट'वरून 'स्ट्रिक्ट' करा, तरी कोसळला तर सिंगल-कोअर करा. वेग कमी होईल, पण प्रोग्रॅम टिकला तर दोष कुठे आहे ते कळेल, आणि कंपनीला पाठवायच्या तक्रारीत तेवढं वाक्य जरूर लिहा.