पोटमाळ्याची खोली: काम कोणाला द्यावं?

प्रश्न: उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्याची राहती खोली करायची आहे. तीन कंत्राटदारांच्या कोटेशनांत बराच फरक आहे. भरवशाचा कोण, हे कसं ओळखावं?

उत्तर: आधी आकडे बाजूला ठेवा. पाहायला आलेला माणूस माळ्यावर चढला का? आढ्याखालची उंची, तुळयांची जाडी, जिन्याची जागा त्यानं मोजली का? माळ्याच्या तुळया बहुधा खालचं छत पेलण्यापुरत्याच असतात. पलंग, कपाट, माणसं यांचा भार त्यांना झेपत नाही. ‘मधली आडवी तुळई अडते, कापून टाकू,’ असं सहज म्हणणाऱ्याला काम मुळीच देऊ नका. ती छपराच्या दोन्ही उतारांच्या वाशांना एकमेकांशी बांधून ठेवते. पर्यायी आधाराशिवाय कापली, तर वासे फाकतात, भिंती बाहेर ढकलल्या जातात आणि आढं खचतं.

म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा करून घ्या, बांधकाम परवानगीचं पाहा, मग तिघांनाही त्याच आराखड्यावर नवं कोटेशन मागा. तुळया, जिना, खिडकी, उष्णतारोधक थर, वायरिंग, राडारोडा उचलणं हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. स्वस्त कोटेशनात नेमकं यातलंच काहीतरी गाळलेलं असतं.

त्यांनी केलेली, निदान एक पावसाळा काढलेली खोली बघा. जमीन पावलाखाली लवते का, छपरातल्या खिडकीभोवती ओल आहे का, खालच्या छताला तडे आहेत का, हे तपासा.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि 5 ते 10 टक्के रक्कम जोरदार पावसात छप्पर तपासेपर्यंत राखून ठेवा. ही अट करारातच लिहा.