वाचकांचे प्रश्न : मक्याच्या मुलखातील लहान गावे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. कृषी महाविद्यालयात शिकवत असताना अमेरिकेतील आयोवा राज्यात, चौदाशे वस्तीच्या एका गावी मला दोन हंगाम राहता आले होते. उत्तरांमध्ये त्या मुक्कामाचा आधार घेतला आहे.

प्रश्न : माझे जावई आयोवात मक्यापासून इथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. गावाची वस्ती दोन हजारांच्या आतली आहे. मुलगी सांगते की रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि दिसलाच तर तो हात हलवतो, हवामानाविषयी दोन वाक्ये बोलतो आणि निघून जातो. आठ महिन्यांत तिला कोणी घरी चहाला बोलावलेले नाही. आमच्याकडे नवे बिऱ्हाड आले की संध्याकाळपर्यंत चार बायका विचारपूस करून जातात. ही माणसे मुळातच कोरडी आहेत का? — एक वडील, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु ती माणसे कोरडी आहेत असे ठरवण्याआधी त्या मुलखात वस्ती कशी झाली ते पाहायला हवे. आपल्याकडे गावठाण एका जागी, घराला घर लागून, आणि वावरे गावाबाहेर असतात. सकाळी बंडी जुंपून वावरात जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, त्यामुळे शेजाऱ्याशी बोलणे टाळायचे म्हटले तरी टळत नाही. तिकडे याच्या नेमके उलट घडले. १७८५ च्या कायद्याने जमिनीची मोजणी चौकोनांत झाली: सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ भाग, आणि प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्यांतील सोळावा भाग शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला होता. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन देऊ केली, मात्र पाच वर्षे त्याच जमिनीवर राहून ती कसण्याची अट घातली. आयोवातील बरीचशी जमीन त्याआधीच विकली गेली होती, पण नेब्रास्का, कॅन्सस आणि डकोटाच्या भागांत या कायद्याने माणसांना अक्षरशः वावरात नेऊन बसवले. शेजारी अर्ध्या मैलावर, मध्ये बर्फ आणि वारा, अशा स्थितीत कोणाच्या घरी सहज डोकावण्याची रीत रुजणे कठीणच होते.

येथे एक गोष्ट नोंदवल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. ही जमीन रिकामी नव्हती. ती तेथील मूळ जमातींकडून करारांनी आणि बळाने काढून घेतलेली होती. त्यांपैकी मेस्क्वाकी जमातीने १८५७ मध्ये आयोवातील टामा परगण्यात स्वतःच्या पैशाने ८० एकर जमीन विकत घेतली, आणि त्यांची वस्ती आजही तेथेच आहे.

तिकडची लहान गावे बहुतांशी रेल्वेच्या कडेने उभी राहिली. शेतकऱ्याने घोडागाडीतून धान्य आणावे आणि त्याच दिवशी घरी परतावे, एवढ्या अंतरावर एकेक गाव वसले. दारव्ह्याला हे समजायला जड जाणार नाही, कारण शकुंतला रेल्वेने आपल्या भागातला कापूस वाहिला तो याच पद्धतीने. तिकडच्या गावात शिरताना आधी दोन गोष्टी दिसतात: गावाचे नाव लिहिलेली पाण्याची टाकी आणि धान्य साठवण्याचे उंच कोठार, ज्याला तेथे एलेव्हेटर म्हणतात आणि जे पुष्कळदा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे असते. एक मुख्य रस्ता, टपाल कार्यालय, बँक, एखादे कॅफे, दोन-तीन चर्च आणि शाळा, एवढ्यात गाव संपते.

आता स्वभावाविषयी. ती माणसे आपल्या भावना बोलण्यात फारशा मांडत नाहीत. भरघोस पिकाविषयी विचारले तरी उत्तर ‘तसे वाईट नाही’ असेच येते. आपला कास्तकारही उभ्या पिकाला चांगले म्हणत नाही, ‘आहे आपलं ठीकठाक’ म्हणतो, म्हणून मला ते बोलणे पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले. गाडी चालवताना समोरच्या अनोळखी माणसालाही ते स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतात. निरोपाची पद्धतही आपल्यासारखीच आहे. मांडीवर हात मारून ‘चला’ म्हटल्यानंतर दारात अर्धा तास आणि गाडीपाशी आणखी पाव तास बोलणे होते, आणि महत्त्वाचा विषय त्या शेवटच्या पाव तासातच निघतो.

त्यांचा जिव्हाळा कामातून दिसतो. माझ्या मुक्कामात, ऐन काढणीच्या वेळी एका शेतकऱ्याला हृदयविकाराने रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या शनिवारी शेजारचे सात जण आपापली कम्बाइन यंत्रे घेऊन त्याच्या शेतात उतरले आणि अंधार पडेपर्यंत सगळा मका काढून एलेव्हेटरला पोहोचता केला. चर्चमधील बायकांनी बांधावर जेवण आणले. आपल्याकडे जिला इर्जिक म्हणत, तीच ही रीत. त्या दिवशी कोणी भाषण केले नाही, आभाराचे शब्दही दोन-चारच झाले. आग विझवणारे दलदेखील अशा गावांत बहुधा स्वयंसेवकांचे असते. भोंगा वाजला की न्हावी, शिक्षक, मेकॅनिक हातातले काम टाकून धावतात. माणसे इतकी थोडी असतात की प्रत्येकाने एखादे सार्वजनिक काम अंगावर घेतले नाही तर गाव चालणारच नाही, आणि माझ्या मते त्यांच्या स्वभावाची घडण या गरजेतून झालेली आहे. कोणाच्या घरी मृत्यू झाला की चर्चच्या तळघरात सगळ्यांच्या जेवणाची व्यवस्था शेजारणी करतात, जशी आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारून भाकरी-पिठले जाते.

म्हणून आपल्या मुलीने चहाच्या निमंत्रणाची वाट पाहू नये. गावातील ग्रंथालयात, शाळेत किंवा चर्चमध्ये जेव्हा प्रत्येकाने आपापला पदार्थ आणण्याचे सहभोजन असते, तेव्हा तिने मसालेभाताचे पातेले घेऊन जावे आणि त्यात काय घातले आहे ते चिठ्ठीवर लिहून ठेवावे. तेथील बायका भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून आपले नाव लिहितात; आपण भांड्यांवर नाव कोरून घेतो. भांडे परत करण्याच्या निमित्ताने जी ओळख होईल, ती टिकेल. आणखी एक विनंती, तिने गाडी चालवायला लवकर शिकावे, कारण गाडीवाचून त्या गावांत एकटेपणा खरोखरच जीव घेतो.

प्रश्न : साडेतीनशे एकरांचा शेतकरी, घरचे कम्बाइन, सरकारी पीक विमा. अशा कास्तकाराला काय दुःख असणार? — एक सोयाबीन उत्पादक, कारंजा (लाड)

उत्तर : आकडे आपण बरोबर दिले आहेत, आयोवात शेताचे सरासरी आकारमान साडेतीनशे एकरांच्या आसपासच आहे, आणि सोयाबीनचे उत्पादन अलीकडे एकरी पंधरा-सोळा क्विंटलपर्यंत जाते. आपल्याला हेवा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भावाच्या बाबतीत तो आणि आपण एकाच दोरीला बांधलेले आहोत, कारण शिकागोच्या वायदेबाजारातील चढउताराचा धक्का वाशीमच्या बाजार समितीपर्यंत पोहोचतो.

त्या मुलखाने १९८० च्या दशकात जे भोगले, ते विदर्भाने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. १९७० च्या दशकात रशियाने मोठ्या प्रमाणावर धान्य विकत घेतले, भाव वाढले, जमिनीच्या किमती चढल्या, आणि बँकांनी आग्रहाने दिलेल्या कर्जावर शेतकऱ्यांनी आणखी जमीन आणि यंत्रे घेतली. मग महागाई रोखण्यासाठी व्याजदर चढवले गेले आणि १९८१ च्या सुमारास ते वीस टक्क्यांच्या वर पोहोचले. दरम्यान १९८० मध्ये, अफगाणिस्तानातील आक्रमणाच्या निषेधार्थ, रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली. आयोवातील शेतजमिनीची सरासरी किंमत १९८१ मध्ये एकरी २,१४७ डॉलर होती. १९८६ मध्ये ती ७८७ डॉलरवर आली. तारण ठेवलेल्या जमिनीची किंमत कर्जाहून कमी झाल्यावर लिलाव सुरू झाले, लहान बँका बुडाल्या, आणि शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. गेलेल्या शेतांची आठवण म्हणून परगण्याच्या न्यायालयांसमोर लोकांनी पांढरे क्रूस रोवले. १९८५ मध्ये इलिनॉय राज्यातील शँपेन येथे शेतकऱ्यांच्या मदतीसाठी मोठी संगीतसभा झाली, आणि १९८६ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्यात शेतकरी कुटुंबांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

मी गेलो तेव्हा त्या दिवसांना बरीच वर्षे झाली होती, तरीही कॅफेतील वृद्ध शेतकरी त्याविषयी आवाज खाली आणूनच बोलत. ज्याच्या शेताचा लिलाव झाला, तो दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या कॉफीला आला नाही, आणि त्याला बोलवायला कोणी गेले नाही, कारण काय बोलावे हे कोणालाच सुचले नाही. ही खंत एकाने मला तीन वेळा सांगितली. आजारी माणसाचा मका काढून देणारे तेच हात येथे थिजले. कर्जाची लाज माणसाला एकटे पाडते आणि शेजाऱ्याची भीड तो एकटेपणा वाढवते, हे यवतमाळच्या कास्तकाराला मी सांगायला नको. म्हणूनच नंतर तिकडच्या कृषी विस्तार विभागांनी दूरध्वनीवर धीर आणि कायद्याचा सल्ला देणारी सेवा सुरू केली, ती मला मोलाची वाटते; फोनवरच्या अनोळखी माणसाशी जे बोलता येते, ते कधी कधी भावकीत बोलता येत नाही.

त्यानंतर शेते मोठी होत गेली आणि गावे रोडावली. लहान शाळा एकत्र झाल्या, म्हणून पुष्कळ शाळांच्या नावात आता दोन-तीन गावांची नावे जोडलेली दिसतात. शाळा गेली की शुक्रवारी रात्रीचे फुटबॉल सामने जातात, आणि सगळे गाव एका जागी बसण्याचा दिवसच उरत नाही. नेब्रास्कातील मोनोवी या गावात २०१० च्या जनगणनेत एकच व्यक्ती नोंदली गेली.

प्रश्न : अशा गावांत बाहेरचा माणूस कधी आपला मानला जातो का? — एक विद्यार्थी, पुसद

उत्तर : तेथे जवळपास प्रत्येकाचे पूर्वज बाहेरूनच आलेले आहेत. आयोवातील पेला हे गाव १८४७ मध्ये डच लोकांनी वसवले, नेब्रास्कातील विल्बर चेक लोकांचे आहे, आयोवातीलच डेकोरा येथे नॉर्वेतून आलेल्यांचे संग्रहालय आहे. तरीही तीस वर्षे राहिलेल्या माणसाला ‘तो बाहेरचा’ म्हणणारे मला भेटले आहेत.

दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. १९७५ मध्ये आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातील ताई दाम या जमातीच्या निर्वासितांना एकत्रितपणे आपल्या राज्यात आणले. याउलट २०१० मध्ये नेब्रास्कातील फ्रीमाँट शहराच्या मतदारांनी, परवान्याविना आलेल्या स्थलांतरितांना घर भाड्याने देऊ नये असा नियम मंजूर केला. २००८ च्या मे महिन्यात आयोवातील पोस्टव्हिल या लहानशा गावी मांस कारखान्यावर धाड पडून ३८९ कामगारांना अटक झाली, तेव्हा घाबरलेल्या कुटुंबांनी तेथील कॅथलिक चर्चमध्ये आसरा घेतला, आणि गावातील व शेजारपाजारची माणसे त्यांच्यासाठी अन्न घेऊन आली. आपल्याकडच्या वाचकांना आयोवातील फेअरफील्ड ठाऊक असेल. १९७४ मध्ये महर्षी महेश योगी यांचे विद्यापीठ तेथे आले, आणि आज ध्यान करणारे आणि मका पेरणारे एकाच बाजारात भाजी घेतात.

आपण तिकडे शिकायला गेलात, तर विद्यापीठाच्या आवारातच राहू नका. जवळच्या एखाद्या गावी शाळेचा सामना असेल, तर खेळातले काही कळत नसले तरी बाकावर जाऊन बसा. ‘कुठून आलात?’ असे विचारणारा माणूस पुष्कळदा कापसाविषयीच पुढचा प्रश्न करतो, तेव्हा आपल्या वावराविषयी सविस्तर सांगा. एकरी किती, पाऊस किती, भाव किती, हे तो मन लावून ऐकेल.